ड्युटीगणिक बदलणारी माणसं

रुमानियाची लोकसंख्या वाढावी म्हणून तिथल्या हुकूमशहानं, निकोलाय चाउशेस्कूनं, १९६६ साली गर्भपातावर बंदी आणली. गरीब घरांत न पेलणारी मुलं जन्मली आणि ती सरकारी बालगृहांत सोपवली जाऊ लागली. डिसेंबर १९८९मध्ये त्याची राजवट कोसळली, तेव्हा तिथल्या बालसंस्थांमध्ये लाखाहून अधिक मुलं होती.

या बाळांना खाट होती, दूध होतं, लंगोट बदलायला बाई होती. पण सगळं घड्याळाच्या काट्यावर, आणि एकेका आयाकडे दहा-पंधरा मुलं. ड्युटी संपली की आया बदलायची. बाळ रडलं तरी कुणी येईलच असं नाही, म्हणून हळूहळू ते रडायचंच थांबायचं. पाहुण्यांना अशी खोली शांत वाटायची. खरं तर रडून उपयोग नाही, हे तिथलं प्रत्येक बाळ शिकलेलं असायचं.

चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी २०००च्या सुमारास बुखारेस्टमध्ये एक अभ्यास सुरू केला. सहा संस्थांमधली १३६ बाळं निवडली. बहुतेक सहा महिने ते अडीच वर्षं वयाची. त्यांतली निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून प्रतिपालक कुटुंबांत पाठवली, उरलेली होती तिथंच राहिली. हे वाचताना पोटात कालवतं. पण शहरात तेव्हा प्रतिपालक कुटुंबं जवळजवळ नव्हतीच. संशोधकांनीच ती उभी केली. शिवाय संस्थेतल्या मुलाला घरी जायची संधी मिळाली, तर अभ्यासासाठी ती अडवली गेली नाही. चिठ्ठीमुळेच एक शंका मिटली: धडधाकट मुलंच कुटुंबांत गेली, असं कुणालाही म्हणता येईना.

साडेतीन वर्षांच्या वयात या मुलांचं त्यांना सांभाळणाऱ्या व्यक्तीशी असलेलं नातं तपासलं. भीती वाटली की मूल त्या माणसाकडे धावतं का, त्याच्या कुशीत निवतं का? असं सुरक्षित नातं संस्थेतल्या सुमारे १८ टक्के, प्रतिपालक कुटुंबांतल्या ४९ टक्के, तर तुलनेसाठी घेतलेल्या, जन्मापासून स्वतःच्या घरी वाढलेल्या ६५ टक्के मुलांत दिसलं. साडेचार वर्षांच्या वयात बुद्ध्यांकाची सरासरी संस्थेत ७३, प्रतिपालक घरांत ८१ आणि स्वतःच्या घरी १०९ होती. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांना या दोन्ही बाबतींत अधिक फायदा झाला.

मला सर्वांत हलवून गेली ती शरीराची नोंद. कुटुंबांत गेलेल्या मुलांची उंची आणि वजन वर्षभरात झपाट्यानं वाढलं. ज्या घरात मुलाच्या हाकेला प्रेमानं ओ मिळत होती, तिथं ही वाढ अधिक झाली. डोक्याचा घेर मात्र त्या वेगानं भरून आला नाही.

आणखी एक गोष्ट मुलं मोठी झाल्यावर कळली. पहिल्याच प्रतिपालक घरात टिकलेल्या मुलांची प्रगती, घरं बदलत राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली. केवळ घर पुरेसं नव्हतं. माणसंही तीच राहायला हवी होती.

दोन वर्षांखालील बाळांना संस्थेत ठेवण्यावर रुमानियानं २००४च्या कायद्यानं बंदी घातली. गंभीर अपंगत्व असलेल्या बाळांना मात्र त्यात अपवाद ठेवला. एका ओळखीच्या हाताची ज्यांना सर्वाधिक गरज, नेमकी तीच बाळं कायद्याबाहेर राहिली.