भाताचे रोप : कंपोस्ट व नत्रखत यांचा परिणाम

लावणीच्या भाताचे बी प्रथम वाफ्यांत पेरून रोप तयार करतात व ते सु. २१ ते २५ दिवसांचे झाल्यावर खाचरात लावतात. बियातील अन्नसाठा साधारणतः तिसरे पान येईपर्यंत पुरतो. त्यानंतरची वाढ मातीतील अन्नद्रव्यांवर, विशेषतः नत्रावर, अवलंबून असते.

कोकणात व घाटमाथ्यावर रोपासाठी राब भाजण्याची पद्धत जुनी आहे. वाफ्यावर शेण, डहाळ्या, पालापाचोळा व गवत यांचे थर पसरून ते पावसाळ्यापूर्वी जाळतात. उष्णतेने तणांचे बी मरते, मातीतील काही नत्र अमोनियाच्या रूपात मोकळा होतो आणि राखेतून पालाश मिळते. हॅरल्ड मान व त्यांचे सहकारी यांनी या पद्धतीचा अभ्यास १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. मात्र जाळलेल्या पदार्थांतील बहुतेक नत्र हवेत निघून जातो व झाडांची तोड होते. तेच पदार्थ कुजवून कंपोस्ट केल्यास नत्राचा बराच भाग जमिनीस मिळतो.

कोकणात रोपवाटिकेच्या एका गुंठ्यास सर्वसाधारणपणे २५० किग्रॅ. शेणखत वा कंपोस्ट, पेरणीच्या वेळी १ किग्रॅ. यूरिया व सु. १५ दिवसांनी आणखी १ किग्रॅ. यूरिया देतात. कंपोस्टात ०.५ टक्के नत्र धरल्यास २५० किग्रॅ. मधून १.२५ किग्रॅ., तर २ किग्रॅ. यूरियातून (४६ टक्के) ०.९२ किग्रॅ. नत्र मिळतो. तथापि कंपोस्टातील नत्र सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने सावकाश मोकळा होत असल्याने त्याचा थोडाच भाग रोपाच्या अल्प आयुष्यात उपयोगी पडतो; यूरियाचा परिणाम थोड्या दिवसांतच दिसतो. म्हणून ही खते परस्परपूरक आहेत. कंपोस्टाने माती भुसभुशीत राहते व उपटताना मुळे कमी तुटतात.

कच्चे कंपोस्ट मात्र अपायकारक ठरते. त्यातील कर्बाचे प्रमाण नत्राच्या ३० पटींहून अधिक असल्यास सूक्ष्मजंतू मातीतील नत्र स्वतःच वापरतात व रोपे पिवळी पडून खुरटतात. याउलट नत्र अतिरिक्त झाल्यास रोपे उंच, लुसलुशीत व कमकुवत होतात, मुळांच्या मानाने पाने अधिक वाढतात व करपा रोगाचा धोका वाढतो. भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात मिसळल्यास सिलिका मिळून रोप कणखर बनते.

पिवळेपणा नेहमीच नत्राच्या अभावाने येतो असे नाही. नत्राच्या न्यूनतेत जुनी पाने प्रथम पिवळी पडतात. लोहाच्या न्यूनतेत कोवळी पाने फिकट होतात. मराठवाड्यातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत पेरभातावर हा दुसरा विकार आढळतो. अशा वेळी यूरियाची मात्रा वाढवून उपयोग होत नाही. फेरस सल्फेटाची फवारणी करावी लागते किंवा परभणी येथे विकसित झालेल्या ‘प्रभावती’सारख्या लोहन्यूनता सहन करणाऱ्या वाणाची निवड करावी लागते.