शुभवर्तमान समजून घेताना – ९ : वारसा आणि रिकामे हात

मागच्या लेखात आपण मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायापाशी थांबलो होतो. आपल्यात मोठा कोण, यावरून शिष्यांची वाटेत जुंपली आणि येशूने एका मुलाला आणून त्यांच्या मधोमध उभे केले. दहाव्या अध्यायात मुले पुन्हा येतात आणि त्यांच्या पाठोपाठ एक श्रीमंत माणूस येतो. कॅथलिक चर्चमध्ये हे दोन उतारे लागोपाठच्या रविवारी वाचतात. त्यामुळे मुलांवरचे प्रवचन वेगळे होते आणि पैशावरचे वेगळे. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही मात्र ते एकाला लागून एक ठेवले आहेत. ती जोडणी लक्षात घेतली नाही, तर श्रीमंताची गोष्ट निव्वळ दानधर्माचा उपदेश होऊन बसते.

मूल म्हटले की आपल्याला निरागसपणा आठवतो. पहिल्या शतकातल्या ऐकणाऱ्याला आधी आठवली असती ती मुलाची पत, म्हणजे पत नसणे. रोमन कायद्यात बाप हयात असेपर्यंत मुलाच्या नावावर तत्त्वतः काहीच नसे. यहुदी घरातल्या लहान मुलावर नियमशास्त्र पाळण्याची जबाबदारी नव्हती; त्यामुळे ते पाळल्याचे पुण्यही त्याच्या गाठीशी नव्हते. अशी मुले घेऊन आलेल्यांना शिष्य हटकतात आणि येशू संतापतो. देवाचे राज्य अशांचेच आहे आणि ते लेकरासारखे स्वीकारणार नाही त्याचा तिथे प्रवेश नाही, असे तो बजावतो. मग तो त्यांना कुशीत घेतो. मुलांनी यासाठी काहीच केलेले नाही. कुणीतरी आणले म्हणून ती आली, एवढेच.

लगेच पुढे एक माणूस धावत येतो आणि येशूपुढे गुडघे टेकतो. मत्तय त्याला तरुण म्हणतो, लूक अधिकारी म्हणतो. मार्क फक्त त्याच्या मालमत्तेची नोंद करतो. त्याचा प्रश्न असा, की सार्वकालिक जीवनाचे वारस व्हायचे तर मी काय करावे? पेच इथेच आहे. वारसा काही करून मिळत नसतो. त्या घरचे लेकरू असावे लागते. येशू त्याला आज्ञांची आठवण देतो, तर तो सांगतो की लहानपणापासून त्या पाळतो आहे. त्यात ढोंग नाही. येशूने त्याच्याकडे निरखून पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली, असे एकटा मार्क नोंदवतो. त्या प्रीतीपोटीच मागणी येते: असेल ते विक, गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. त्याचा चेहरा पडतो आणि तो खिन्न होऊन निघून जातो.

मग सुईच्या नेढ्यातून जाणाऱ्या उंटाचा दाखला येतो. जेरुसलेमला या नावाची एक बुटकी वेस होती, ओझे उतरवून गुडघ्यांवर बसवले की उंट आत जाई, असे प्रवचनांत नेहमी ऐकू येते. येशूच्या काळी अशी वेस असल्याचा पुरावा नाही. ही कथा पुष्कळ नंतरची. ती लोकांना का आवडते हे मात्र उघड आहे. थोडे वाकले, थोडे सामान उतरवले की काम भागते. येशू म्हणतो ते याच्या उलट आहे: माणसाच्या हातून हे व्हायचेच नाही, देवाच्या हातून होईल. शिष्य चक्रावतात, कारण संपत्ती ही देवाच्या कृपेची खूण, असेच ते अब्राहामाच्या आणि ईयोबाच्या कथांतून शिकलेले. मार्ककडे या संभाषणात येशू त्या बाप्यांना ‘मुलांनो’ अशी हाक मारतो. मुलांचा विषय संपलेला नाही, याची ही खूण.

पेत्र ताबडतोब हिशेब मांडतो, की आम्ही तर सगळे सोडून आलो. ते खरेच होते. जाळी, होड्या, घरदार मागे राहिले होते. पण त्याच अध्यायात थोडे पुढे याकोब आणि योहान येशूच्या उजव्या-डाव्या हाताची आसने मागतात आणि बाकीचे दहा जण त्यांच्यावर चिडतात. होडी सुटली, मानाची जागा सुटली नाही. सोडणे हीच कमाई वाटू लागली, की ती नव्या नावाची मालमत्ता होते.

चर्चच्या इतिहासाने हे पुन्हा पुन्हा पाहिले. १२०६ साली इटलीतल्या असिसीत पिएत्रो बर्नार्दोने या कापडाच्या व्यापाऱ्याने आपल्या मुलाला, फ्रान्सिसला, बिशप ग्वीदो यांच्यापुढे उभे केले. पोराने दुकानातले कापड विकून पैसा पडक्या देवळाच्या डागडुजीला देऊ केला होता. फ्रान्सिसने पैसे परत केले, अंगावरचे कपडेही उतरवून बापापुढे ठेवले आणि यापुढे माझा पिता स्वर्गातला, असे जाहीर केले. बिशपांनी त्याला आपल्या झग्यात घेतले. संपत्तीचा त्याग आणि लेकरू होणे या दोन्ही गोष्टी इथे एका दमात घडल्या. आपल्या साथीदारांनाही त्याने ‘धाकटे बंधू’ म्हणवले.

१२२६ मध्ये फ्रान्सिस गेला आणि पुढे याच बंधूंत खरा गरीब कोण यावरून तट पडले. झगा किती तोकडा असावा, मठात धान्य आणि द्राक्षारस साठवावा की नाही, यावर वाद पेटला. पोपची आज्ञा न मानणाऱ्या चार बंधूंना १३१८ साली मार्सेय इथे जिवंत जाळण्यात आले. १३२३ मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी, ख्रिस्त आणि प्रेषित यांच्या मालकीचे काहीच नव्हते असा आग्रह धरणे पाखंड ठरवले. जाळणाऱ्यांचा दोष मोठाच. पण धाकटेपणाचा मान कुणाचा, यावर भांडण व्हावे यातली विसंगतीही लहान नाही.

या पेचातून वाट दाखवली ती फ्रान्समधल्या लिझ्यूच्या तेरेझाने. १८८८ साली, पंधराव्या वर्षी ती कार्मेल मठात गेली आणि १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. मठात ‘माझे’ म्हणायची पद्धत नव्हती, सुरईसुद्धा ‘आमची’. ही देखणी छोटी सुरई कुणीतरी नेली आणि जागी टवके उडालेली मोठी सुरई आणून ठेवली, याचा आनंद झाल्याचे ती आत्मकथनात लिहिते. एका रात्री दुसऱ्या भगिनीने चुकून तिचा दिवा नेला. मौनाची वेळ, त्यामुळे विचारायची सोय नाही. खूप काम उरकायचे ठरवले होते आणि तासभर अंधारात बसावे लागले. गरजेची वस्तू गेली तरी कुरकुर न करणे, याला ती गरिबी म्हणते. १८९५ मधल्या आत्मसमर्पणाच्या प्रार्थनेत ती आणखी पुढे जाते: देवापुढे आपण रिकाम्या हातांनी येऊ, सत्कर्मे मोजायला लावणार नाही. पुण्याचीही गाठोडी सोडलेली. श्रीमंत माणसाजवळ दोन ठेवी होत्या, वतन आणि पाळलेल्या आज्ञा. तेरेझाने दुसऱ्या ठेवीलाही हात घातला. १९९७ साली चर्चने तिला धर्मपंडित ही पदवी दिली.

मग संसारी माणसाने काय करावे? इ.स. २०० च्या सुमाराला अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने नेमक्या या श्रीमंत माणसावर पुस्तिका लिहिली. सगळ्यांनीच सगळे टाकले तर भुकेल्याला जेवू घालणार कोण, असा त्याचा सवाल. सोडायची ती आसक्ती, असे त्याचे उत्तर. उत्तर शहाणपणाचे आहे, पण सोयीचेही आहे. आसक्ती सुटली की नाही हे मनाला विचारून कळत नाही. देण्याची वेळ आली की कळते. येशूने त्या माणसाला त्याच्या मनाची अवस्था विचारली नव्हती. विक आणि दे, एवढेच सांगितले होते.

आणि त्यागाची किंमत घरातल्या दुसऱ्याच कुणाला मोजावी लागली तर? पुढच्या आठवड्यात, १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडणारे रेव्हरंड ना. वा. टिळक, आणि ज्यांना त्यातून संसार चालवायचा होता त्या लक्ष्मीबाई.