बांधावरची तूर, रांगेतला युरिया

ऑगस्टमधली उघडीप आहे. पाऊस थांबलाय, उकाडा वाढलाय. वैशाखऱ्यात हमरस्त्याकडेला खताच्या दुकानासमोर रांग लागली आहे. माळशेजकडे जाणाऱ्या गाड्या चिखल उडवतात, तशी रांग भिंतीला चिकटते. पूर्वेला नानाचा अंगठा हा कडा ढगातून वर येतो आणि पुन्हा बुडतो. काहींनी आपल्या जागी पिशवी ठेवलीय आणि ते टपरीवर चहा घेतायत. पिशव्याही रांगेबरोबर पायाने पुढे सरकवल्या जातात.

आत टेबलावर छोटं मशीन आहे. आधी आधारचा नंबर, मग अंगठा. एका आजींचा अंगठा मशीन घेत नाही. आवणीत चिखल-पाण्यात राबून बोटांच्या रेषा झिजल्यात. आजी पदराला अंगठा पुसतात, पुन्हा टेकवतात. लाल दिवा. "दुसरं बोट लावा, आजी." मधलं बोट लागतं. पावती निघते आणि मागची माणसं एकदम सैल होतात. गोणी २६६ रुपये ५० पैशांची, ४५ किलोची. त्यात नत्र असतं जेमतेम २१ किलो.

गोणी खांद्यावर टाकून एक काका निघतात. मीही मागोमाग. बांध निसरडे, पायाखालून खेकडे सटकतात. खाचरातलं भात फुटव्यावर आलंय, पण पिवळट दिसतंय. काका आधी फावड्याने बांध फोडून पाणी उतरवतात. "भरल्या पाण्यात टाकलं तर सगळं खत खालच्याच्या शेतात जातं."

बांधावर गुडघाभर तूर आहे. एक रोप मागतो. "घ्या की उपटून, दाटच झालीय." मुळं चिखलासकट येतात. खाचराच्या पाण्यात धुतल्यावर गाठी दिसतात, मोहरीएवढ्या, काही त्याहून मोठ्या. एक नखाने फोडतो. आत गुलाबी. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भावंडच इथे मुळात बसलंय. तेही लोहाचंच, आणि ऑक्सिजनला आवरून धरणारं. कारण गाठीतल्या जिवाणूंचं हवेतलं नत्र बांधणारं मुख्य विकर, नायट्रोजिनेज, मोकळा ऑक्सिजन लागला की निकामी होतं.

त्या विकराच्या गाभ्यात ७ लोहाचे अणू आहेत, १ मॉलिब्डेनमचा, ९ गंधकाचे आणि मधोमध १ कार्बनचा. मधला तो अणू कार्बनचाच, हे पक्कं व्हायला २०११ साल उजाडलं. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध सहजासहजी तुटत नाही. खताच्या कारखान्यात त्यासाठी ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, शिवाय हवेच्या शेकडो पट दाब आणि नैसर्गिक वायूतून काढलेला हायड्रोजन. जगाच्या एकूण ऊर्जेतला १ ते २ टक्के वाटा यात जातो. इथे तोच बंध चिखलाच्या उबेत तुटतोय. मला हे दर वेळी नव्याने थक्क करतं.

फुकट मात्र काही नाही. नत्राच्या एका रेणूमागे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे निदान १६ रेणू खर्ची पडतात आणि थोडा हायड्रोजन निसटतो. काही जिवाणूंकडे निकेल आणि लोहाचं आणखी एक विकर असतं. ते हा हायड्रोजन पकडून त्यातली ऊर्जा परत मिळवतं. रसायनशास्त्रज्ञांचा डोळा या दोन्ही विकरांवर आहे. महागड्या प्लॅटिनमऐवजी निकेल, लोह, कोबाल्ट वापरून उन्हाच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचा, पुढे जमलं तर हवेतल्या नत्राचा अमोनिया करायचा. प्रयोगशाळेतल्या नकला अजून लवकर दमतात. अमोनिया हवा असतो आणि हायड्रोजनच जास्त निघतो.

काका गाठ बोटावर घेऊन निरखतात. "मग भाताला का नाही येत या गाठी?"

नेमका प्रश्न. भाताची मुळं या जिवाणूंना असं घर करून देत नाहीत, मी सांगतो. ते जमावं म्हणूनही माणसं खपतायत.

"जमलं तर रांग जाईल," काका म्हणतात आणि घमेल्यात युरिया ओततात. पांढरे दाणे मुठीतून फेकले जातात, हात एका लयीत फिरतो. कोपऱ्यावर गिरिपुष्पाची झाडं आहेत, तीही शेंगवर्गातली. चिखलणीच्या वेळी त्यांचा पाला याच तुकड्यात गाडला होता. इथलं भात इतरांपेक्षा काळंभोर आहे. काका त्या तुकड्यापाशी येतात आणि मूठ अर्धीच भरतात.