रुंद चाक घ्यायचंय? आधी ईटी बघा

मंडळी, गाडी खाली केली की पुढचा प्रश्न ठरलेला: रुंद अलॉय बसतील का? बसतील हो, फिरतील का ते बघा! अलॉयवर ‘ईटी’ लिहिलेलं असतं. चाकाच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे, तो हा आकडा. तो कमी, तर चाक बाहेर.

समजा ७ इंची, ईटी ४० काढून ८ इंची, ईटी ३५ लावलं. रुंदीचे १२.७ मिमी दोन्हीकडे वाढले, शिवाय ५ मिमी बाहेर सरकलं. म्हणजे बाहेर १७.७, आत ७.७.

मी हेच केलं. एकटा फिरलो, मस्त! मागे तिघं बसले आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला मडगार्डच्या कडेनं टायर सोलला, आतले धागे दिसायला लागले. टायर फेकला. आता साडेसात इंची, ईटी ४० आहे.