नऊ जीबींची अडगळ

नवरात्र संपलं की आमच्या घरी माळा उतरवायचा कार्यक्रम असतो. मी स्टुलावर चढायचं, खालून सौ.ने ‘ते नको, त्याच्या मागचं’ असे हुकूम सोडायचे, आणि संध्याकाळी रद्दीवाला येईपर्यंत निम्म्या वस्तू ‘असू दे, लागेल’ म्हणून पुन्हा वर चढवायच्या. गेल्या वर्षी मी गुडघ्याचं कारण सांगून सुटका करून घेतली आणि त्या बदल्यात लॅपटॉपची सफाई करण्याचं कबूल केलं. तशी ती निकडीचीच होती. ‘सी’ ड्राइव्हची निळी पट्टी कधीच लाल झाली होती. जेमतेम सहा जीबी शिल्लक. विंडोजचं अपडेट दर दोन दिवसांनी यायचं, जागा नाही म्हणून परत जायचं. दार उघडेपर्यंत निघून जाणाऱ्या पोस्टमनसारखं!

माझा लॅपटॉप २५६ जीबीचा. निदान खोक्यावर तसं छापलेलं आहे. आत पाहावं तर २३८. दुकानदारानं मापात मारलं, असा माझा पुष्कळ दिवस समज होता. तसं नसतं. कारखानदार एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो; विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, त्यामुळे त्याचा जीबी १०७ कोटींच्या वर जातो. माल तेवढाच, फक्त कच्चा शेर आणि पक्का शेर!

पहिल्या दिवशी मी माळ्यावरच्या पद्धतीनंच सुरुवात केली. एकेक वस्तू हातात घ्यायची, पाहायची, ठेवायची की टाकायची ते ठरवायचं. सोसायटीची जुनी पत्रं, बँकेत असताना केलेले अर्ज, अर्धवट राहिलेले लेख. तीन तास बसलो. एका पत्रापाशी तर वीस मिनिटं गेली, कारण ज्याच्याशी भांडण म्हणून ते लिहिलं होतं तो गृहस्थ आता माझ्या रोजच्या फिरण्यातला सोबती आहे. दिवसअखेर हिशेब केला तर मोकळे झालेले एमबी चाळीस. जीबी नव्हे, एमबी! माझं पंचवीस वर्षांचं सगळं लिखाण एकत्र केलं तरी ते दोनशे एमबी भरत नाही, हे त्या दिवशी कळलं. कळून जरा वाईटच वाटलं.

शेवटी शेजारच्या मुलाला हाक मारली. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, ‘‘काका, तुम्ही सुया वेचताय आणि कपाटं तशीच ठेवताय.’’ त्यानं विनडर्स्टॅट नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम बसवून दिला. २००३पासून लोक तो वापरताहेत म्हणे. तो सगळी डिस्क चाळतो आणि पडद्यावर रंगीत चौकोन मांडतो. जितकी फाइल मोठी तितका चौकोन मोठा. बघता बघता माझ्यासमोर एक गोधडी अंथरली गेली. मोठमोठे तुकडे आठ-दहाच, आणि कडेला बारीक चिंध्या. त्या चिंध्यांतली एक म्हणजे माझं लिखाण.

सर्वांत मोठा तुकडा निघाला मुलीच्या लग्नाचा. २०१४ सालचं लग्न, ६१ जीबी. व्हिडिओवाल्यानं संपादन केलेली फिल्म तर दिलीच, शिवाय न कापलेलं सगळं चित्रणही ओतून दिलं होतं. त्यात पंगतीतली पानं पाऊण तास दिसतात. दुसरा तुकडा फोटोंचा. एकच फोटो माझ्या फोनमधून, सौ.च्या फोनमधून आणि जावयांनी पाठवलेला असा तीनदा. ‘डाउनलोड्स’मध्ये तर गंमतच होती. विजेचं एकच बिल सात वेळा, नावापुढे कंसात एक, दोन, तीन. सापडलं नाही की पुन्हा उतरवून घ्यायचं, ही माझीच सवय. आणखी एक चौकोन तीन जीबींच्या वरचा होता, त्याचं नाव कोणाला उच्चारताही येऊ नये असं. मुलानं सांगितलं, यंत्र गाढ झोपवताना मेमरीतला मजकूर याच्यात लिहून ठेवतात; तुम्ही ती सोय वापरत नसाल तर ती बंद करता येते, मात्र फाइल हातानं खोडायला जाऊ नका. मी हात लावला नाही. त्यानंच ती सोय रीतसर बंद केली.

जाता जाता सांगायला हवं. डिस्क असलेलं पहिलं यंत्र आयबीएमनं १९५६ साली बाजारात आणलं. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाहून जास्त, आणि त्यात मावत होती पन्नास लाख अक्षरं. माझ्या फोनमधला एखादा फोटोही आज त्यात बसायचा नाही.

असो. मुलगा गेल्यावर मी हुरूपानं बसलो. गोधडीत एक नऊ जीबींचा तुकडा होता, नाव ‘अक्काचा फोन’. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सांगलीला असायची. २०२२च्या मे महिन्यात ती गेली. तेराव्यानंतर भाच्यानं तिचा फोन माझ्या लॅपटॉपला जोडून सगळं उतरवून ठेवलं आणि पुढे तो फोन नव्याच्या बदल्यात दुकानात दिला. तेव्हापासून तो फोल्डर कोणीही उघडला नव्हता. मी उघडला. गुलाबाच्या फुलावर सुप्रभात, गणपतीवर सुप्रभात, सूर्योदयावर सुप्रभात. शेकड्यांनी. पन्नासेक चित्रं पाहिली आणि म्हटलं, पुरे. अख्खा फोल्डर निवडला आणि डिलीट दाबलं.

पट्टी पाहिली. लालच. शिल्लक सहा जीबी.

नऊ जीबी काढले आणि जागा वाढली नाही, याचा मला राग आला. तसाच शेजारी गेलो. मुलगा म्हणाला, ‘‘काका, तुम्ही फक्त कचरा टोपलीत टाकलाय, टोपली घरातच आहे. रिसायकल बिन रिकामं करा, मग जागा होईल.’’ आणि मी वळतोय तोच त्यानं सहज विचारलं, ‘‘व्हॉइस मेसेज पाहिलेत ना त्यातले? आमची आजी गेल्यावर आम्ही तेच शोधत होतो.’’

घरी आलो. टोपली उघडली, फोल्डर जागेवर परत पाठवला. हात थरथरत होते हे कबूल करायला हरकत नाही. लग्नाचा फोल्डर आधी टाकायला घेतला असता, तर यंत्रानं ‘हा टोपलीत मावत नाही, कायमचा पुसू का?’ असं विचारलं असतं आणि मी सावध झालो असतो. अक्काचे नऊ जीबी टोपलीत निमूट मावले. त्यावर आणखी काही टाकलं असतं, तर टोपली भरल्यावर जुनं आपोआप बाहेर गेलं असतं.

व्हॉट्सअॅपच्या फोल्डरात बोललेल्या निरोपांचा वेगळा कप्पा असतो, त्यात आठवड्यागणिक खण. २०२१चा ४३वा आठवडा, ४४वा, असे. पहिली फाइल लावली. ‘‘अरे बाळू, फोन का उचलत नाहीस? बरा आहेस ना? गॅसवर दूध आहे, मग बोलते.’’

चाळीस सेकंदांचा निरोप, नव्वद केबी. लग्नातल्या पंगतीच्या चित्रणातलं एका क्षणाचं पानही त्याहून जड असेल. माझा स्वतःचा जुना फोन २०२३ साली रिक्षात राहिला, त्यातले तिचे सगळे निरोप तेव्हाच गेले होते. म्हणजे तिचा आवाज आता फक्त इथे, लाल पट्टीखाली उरला होता.

पुढे एक अडचण आली. या फायलींच्या नावात तारीख असते आणि क्रमांक, निरोप कोणासाठी होता ते नसतं. ती भाचीशी बोलली असेल, भजनी मंडळातल्या बायकांशी बोलली असेल, कोणाची गाऱ्हाणी केली असतील. मेलेल्या माणसाचं टपाल फोडण्यासारखंच ते. मी एक नियम केला. पहिला शब्द ऐकायचा. ‘अरे बाळू’ असेल तर पुढे जायचं, ‘अगं’ असेल तर तिथेच थांबवायचं. काही ‘अगं’ सौ.साठी होते. तिनं ते स्वयंपाकघराचं दार लावून ऐकले. काय होतं ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. बाकीचे न ऐकता पेनड्राइव्हवर घालून भाचीला पाठवले. तिला आवाजावरून कळेल, कोणाचं काय ते.

एरवीची सफाई मग दोन दिवसांत उरकली. लग्न बाहेरच्या हार्ड डिस्कवर गेलं, आणि ती एक डिस्क पडली तर सगळंच जाईल म्हणून दुसरी प्रत मुलीकडे. नुसतं हलवणं म्हणजे जपणं नव्हे, हे मला त्या मुलानं दोनदा बजावलं. ज्यांचे फोल्डर क्लाउडशी जोडलेले आहेत त्यांनी तर जपूनच राहावं. तिथे लॅपटॉपवरून पुसलेलं वरूनही पुसलं जातं. फक्त इथली जागा सोडवायची तर तशी वेगळी सूचना द्यावी लागते. सात बिलांपैकी सहा गेली. सुप्रभातं सगळी गेली. अक्काला त्याचं वाईट वाटलं नसतं, ती स्वतः ती न पाहताच पुढे ढकलायची. पट्टी निळी झाली, ११२ जीबी शिल्लक. अपडेट आलं आणि एकदाचं आत शिरलं. टोपली ३० दिवसांनी आपोआप रिकामी करण्याची एक सोय विंडोजमध्ये आहे. ती मी मुद्दाम बंद ठेवली आहे.

‘अरे’ आणि ‘अगं’ यांपैकी कशातच न बसणारी एक फाइल उरली. चार सेकंदांची. हातातला फोन चुकून दाबला गेला असावा. तीत अक्का बोलत नाही. मागे कुकरची शिट्टी होते, आणि ती पुटपुटल्यासारखं मोजते, ‘‘दोन...’’

नऊ केबी. ती कोणाला पाठवायची ते ठरलं नाही, म्हणून डेस्कटॉपवरच ठेवली आहे.