जैवकोळसा आणि तणनाशके

जैवकोळसा (बायोचार) म्हणजे शेतातील काडीकचरा अत्यल्प ऑक्सिजनमध्ये, साधारणतः ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवून मिळणारा कर्बयुक्त, सच्छिद्र पदार्थ होय. जमिनीत मिसळल्यावर तो तणनाशकांचे रेणू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. त्यामुळे तणनाशकाची परिणामकारकता, निचरा आणि जमिनीतील टिकाऊपणा बदलतो.

बीड जिल्ह्यातील संदर्भ

बीड जिल्ह्यात कापूस, सोयाबीन, तूर, बाजरी, ज्वारी व ऊस ही प्रमुख पिके आहेत. कापसाच्या पऱ्हाट्या व तुराट्या जळणासाठी वापरतात किंवा बांधावर जाळून टाकतात. त्यांपासून जैवकोळसा करता येतो. हैदराबाद येथील केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने अशा अवशेषांसाठी कमी खर्चाची भट्टी विकसित केली आहे. जिल्ह्यात गोदावरीकाठी गेवराई, माजलगाव भागात खोल काळी जमीन आहे, तर बालाघाट डोंगररांगेच्या पाटोदा परिसरात जमीन उथळ व हलकी आहे. चिकणमाती व सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या हलक्या जमिनीत जैवकोळशाचा परिणाम अधिक ठळकपणे जाणवतो.

अनुकूल परिणाम

उसातील मेट्रिब्युझिन किंवा ॲट्राझिन यांसारखी तणनाशके पावसाच्या वा सिंचनाच्या पाण्याबरोबर खाली झिरपू शकतात. जैवकोळसा त्यांना वरच्या थरात अडवतो. विहिरी व कूपनलिकांवर अवलंबून असलेल्या गावांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे.

प्रतिकूल परिणाम

पेंडिमेथॅलिनसारखी उगवणपूर्व तणनाशके मातीतील ओलाव्यातून अंकुरणाऱ्या तणांत शिरतात. कोळशाने ती बांधून ठेवली, तर तणांपर्यंत पुरेशी मात्रा पोहोचत नाही. शिवाय बांधलेले रेणू सूक्ष्मजीवांना सहज उपलब्ध नसल्याने त्यांचे विघटन मंदावू शकते. पानांवर फवारल्या जाणाऱ्या तणनाशकांच्या तण मारण्याच्या क्षमतेवर मात्र फारसा परिणाम होत नाही.

सर्व तणनाशके सारखी धरली जात नाहीत. सोयाबीनमधील इमॅझेथापायर विम्लधर्मी जमिनीत ऋणभारित असते. कोळशाचा पृष्ठभागही बहुधा ऋणभारित असल्याने ते तुलनेने सैल धरले जाते. ज्वारी या तणनाशकाला संवेदनशील आहे. म्हणून सोयाबीननंतर रब्बी ज्वारी घेताना, जैवकोळसा घातला असला तरी, उर्वरित अंशाचा विचार आवश्यक ठरतो.

परिणाम ठरवणारे घटक

जास्त तापमानाला तयार केलेल्या कोळशाचे पृष्ठफळ सहसा मोठे असते आणि अधिशोषणही अधिक होते. कोळशाची मात्रा वाढवल्यास व कण बारीक केल्यास परिणाम वाढतो. कालांतराने मातीतील सेंद्रिय पदार्थ त्याची छिद्रे व्यापतात आणि ही क्षमता घटू शकते. त्यामुळे ताज्या जैवकोळशाच्या शेतात उगवणपूर्व तणनाशकाबरोबर कोळपणी व खुरपणीची जोड उपयुक्त ठरते. तणनाशकाची मात्रा शिफारशीपेक्षा वाढवणे योग्य नाही, कारण उर्वरित अंशाचा धोका वाढतो.