परमाणू : अविभाज्यतेचा शोध

जडद्रव्याचे विभाजन करीत गेल्यास त्याचा शेवट कोठे होतो, हा प्रश्न भारतीय दार्शनिकांनी प्राचीन काळीच उपस्थित केला होता. वैशेषिकांच्या मते पृथ्वी, जल, तेज व वायू यांचे परमाणू नित्य व निरवयव होत. सर्वास्तिवादी आचार्यांनीही परमाणू स्वीकारला. परंतु तो नित्य नसून क्षणिक मानला. शिवाय तो एकाकी आढळत नाही. कामधातूतील लहानात लहान समूहात, शब्द व इंद्रिये वगळली तरी, चार महाभूते आणि रूप, गंध, रस व स्प्रष्टव्य अशी आठ द्रव्ये असतातच, असे वसुबंधूंच्या 'अभिधर्मकोशा'त प्रतिपादिले आहे.

येथे एक अडचण उद्भवते. निरवयव परमाणू परस्परांना स्पर्श कसा करणार? सर्वांगाने केला तर ते एकमेकांत विलीन होतील. एका बाजूने केला तर ते सावयव ठरतील. म्हणून काश्मीरच्या वैभाषिकांनी परमाणूंचा परस्परस्पर्शच नाकारला. 'विंशतिके'त वसुबंधूंनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. सहा दिशांनी सहा परमाणू येऊन मिळाले, तर मधल्या परमाणूचे सहा अंश मानावे लागतात. आणि सर्वांचे स्थान एकच मानले, तर सारा पिंड एका परमाणूएवढाच राहतो. तात्पर्य, अविभाज्य परमाणू सिद्धच होत नाही.

युरोपात या प्रश्नाची चिकित्सा प्रयोगशाळेत झाली. जॉन डाल्टन यांनी १८०८ साली मूलद्रव्यांच्या संयोगातील वजनी प्रमाणांचे स्पष्टीकरण अणूच्या आधारे केले. पुढे तो अणूही सावयव ठरला. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन, रुदरफोर्ड यांनी १९११ मध्ये अणुकेंद्र व चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉन दाखवून दिला. १९६८ मध्ये स्टॅनफर्ड येथील प्रयोगांत प्रोटॉनच्याही अंतर्भागात घटक असल्याचे दिसून आले. तेच क्वार्क होत. क्वार्क व इलेक्ट्रॉन यांना अवयव असल्याचा पुरावा मात्र अद्याप मिळालेला नाही.

यावरून आपल्या आचार्यांना अणुविज्ञान अवगत होते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळणेच इष्ट. 'अभिधर्मकोशा'त सात परमाणूंचा एक अणू होतो. आजच्या रसायनशास्त्रातील अणू ही त्याहून सर्वस्वी निराळी वस्तू होय. डाल्टन यांचा आधार तराजू होता, वसुबंधूंचा तर्क. आणि 'विंशतिके'चे प्रयोजन द्रव्याची मोजणी हे नसून बाह्य वस्तूच्या स्वतंत्र अस्तित्वाची परीक्षा हे होते. दोहोंत साम्य आहे ते निष्कर्षांचे नव्हे, तर 'अविभाज्य' हा शब्द परीक्षेवाचून न स्वीकारण्याच्या वृत्तीचे. वसुबंधूंचे मोठेपण सिद्ध करण्यास तेवढे पुरेसे आहे.